पासंग

चपला बाहेर, सर. मोजेपण काढा.
प्रिस्का डाबरे, बोलण्यात वसईचा हेल.
किल्ल्या, सुटे पैसे, घड्याळ, सगळं एका ट्रेमध्ये.
अंगठी निघेना.
राहू दे, म्हणाली, तशी नोंद करते.

बत्तीस वर्षं मी हेच सांगत आलो:
पारडं रिकामं करा, पुसून घ्या,
हात काढा, आता बघू.
मशीद बंदरचे दाणेवाले, भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणी.
झवेरी बाजारात तर आधी पंखा बंद करायला लावायचो.
पारड्याखाली चुंबक, मेणाने चिकटवलेला चिंचोका,
आतून पोखरलेलं अर्ध्या किलोचं माप.
माणसाने वजनाशी काय काय केलेलं नाही!

आज मी अनवाणी, चहाशिवाय,
टाचा दोन पत्र्यांवर, मुठींत दोन दांडे,
पोट आत ओढून उभा.
सोडा, सर. त्याने काही फरक पडत नाही.

'या यंत्राची शेवटची पडताळणी कधी?'
तोंडातून निघूनच गेलं.
तिने वाकून मागचा स्टिकर वाचला, तारीख सांगितली.
पहिल्यांदाच विचारलं कुणी, म्हणाली.

अंगातून बारीक वीज जाते म्हणे.
मला कळलीही नाही.
वाटेत पाणी लागलं की ती सुळकन जाते,
चरबी लागली की अडते,
आणि त्या अडण्यावरून यंत्र अंदाज बांधतं.

अंदाज!
हा शब्द माझ्यासमोर ज्याने उच्चारला
त्याच्यावर मी खटला भरलेला आहे.

कागद आला.
पाणी सदतीस लिटर सहाशे, निम्म्याहून जास्त
(दुधाचं खातं वेगळं, म्हणून वाचलो).
चरबी तेवीस किलो.
हाडांतलं खनिज तीन, एका सुरणाएवढं.
वय त्रेसष्ट. शरीराचं वय एकाहत्तर.
ही वरची आठ कुणी जादा मोजून घातली,
ते कागदावर नाही.

प्रिस्काचं पेन चालू होतं:
तीन महिने, चार किलो चरबी उतरवायची,
दीड किलो स्नायू चढवायचे,
वरण पातळ नको, अंडी चालतात का,
मांड्या कमी पडतायत, खुर्चीतून हात न टेकता उठा.
तनुजाने पैसे आधीच भरलेत, पुढच्या वेळचेही.
'चूक किती धरायची? कायद्याने प्रत्येक काट्याला थोडी सूट असते.'
दोन-तीन टक्के, सर.
म्हणून परत याच यंत्रावर, याच वेळी, उपाशीपोटी.
बरोबर बोलली. निरीक्षक झाली असती.

मग पेन थांबलं.
उजवा हात तीन किलो शंभर. डावा दोन सातशे.
टेनिस वगैरे खेळायचात का?

चारशे ग्रॅमचा पासंग.

सागवानी पेटी होती, आत हिरवं मखमल,
पितळी प्रमाण वजनं, पाच किलोपासून ग्रॅमपर्यंत
आपापल्या खाचेत.
शिपाई असायचा बरोबर,
पण पेटी मी कुणाच्या हातात दिली नाही.
चकला स्ट्रीटच्या जिन्यांवरून, दुपारी,
उजव्याच हाताने.
डावा मोकळा.
पावतीपुस्तक धरायला, आणि कुणी पाकीट पुढे केलं
तर 'नको' म्हणायला.

'नको' म्हणून स्नायू वाढत नाहीत, दिसतंय.

दोनदा म्हटलं नव्हतं.
ते यंत्राला सापडलं नाही.

नाही, म्हटलं, टेनिस नाही. नोकरी.

खाली माटुंगा मार्केट.
भाजीवाल्याने सुरण काट्यावर ठेवला,
मी वाकून दांडी बघत राहिलो.
काका, बरोबर आहे, तो म्हणाला.
होतंच. पाव तोळा माझ्याच बाजूला.

पिशवी डाव्या हातात घेतली.
किंग्ज सर्कलपर्यंत बोटांना रग लागली,
दोनदा वाटलं, हात बदलावा.
उजवा रिकामा होता,
काय करावं त्याला सुचत नव्हतं.